दिवाणजींच्या डोक्यातील वही

कार्तिक शुद्ध पंचमीला दोन नावे आहेत. व्यापारी तिला लाभपंचमी म्हणतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या दिवशी तो दुकान उघडतो आणि नव्या वहीत पहिली नोंद करतो. श्वेतांबर परंपरेत हीच तिथी ज्ञानपंचमी होय. ग्रंथ बाहेर काढावयाचे, त्यांवरील धूळ झटकावयाची आणि पूजन करावयाचे. दिगंबर परंपरेतील श्रुतपंचमी ज्येष्ठात येते, पण तिचा भाव तोच. लाभ आणि ज्ञान एकाच तिथीला एकत्र यावेत हा योगायोग असेलही. पेढीवर मात्र या दोहोंची गाठ रोजच पडत असते. ती गाठ सुटली म्हणजे काय होते, हे रत्नागिरीच्या बाजारपेठेतील एका घराण्याने काही वर्षांपूर्वी अनुभवले.

राम आळीच्या परिसरातील ती पेढी तीन पिढ्यांची. किराणा, सुतळी, आंब्याची खोकी आणि बागेला लागणारे किरकोळ सामान असा व्यवहार. गादीच्या शेजारी बैठ्या मेजाशी दिवाणजी बसत, ते अडतीस वर्षे. आजोबांच्या काळात ते आले, वडिलांच्या काळात पिकले आणि नातवाच्या काळात म्हातारे झाले. कीर्द आणि खतावणी त्यांच्या हातची, अक्षर मोत्यासारखे. परंतु खतावणीत जे लिहिले होते त्याहून अधिक त्यांच्या डोक्यात होते. कोणत्या गावचा बागायतदार वाशीच्या दलालाची पट्टी आल्यावर पैसे देतो, कोणाला मृगापूर्वी एकदा आठवण द्यावी लागते, कोणापाशी ती देणेच अपमानाचे ठरते, कोणी यंदा बाग खंडाने दिली आहे, मासेमारी बंद असताना, म्हणजे जून आणि जुलै महिन्यांत, मिरकरवाड्याच्या कोणत्या घरी धान्य उधार द्यावे व कोणत्या घरी न द्यावे, हे सारे त्यांना पाठ होते. ते कोठेही लिहिलेले नव्हते.

धाकटे शेठ पुण्याहून व्यवस्थापनाची पदवी घेऊन परतले, तेव्हा देशात जीएसटी लागू झाला होता. १ जुलै २०१७ नंतर संगणकाविना पेढी चालणे अवघडच होते. संगणक आला, त्यातील हिशेबप्रणाली आली आणि तिच्यासोबत एक मुलगाही आला. पुस्तकात वाचलेले स्मरून धाकट्या शेठांनी दिवाणजींपुढे एक जाड कोरी वही ठेवली आणि म्हटले, "काका, तुमच्या कामाचं सगळं यात लिहून काढा. कोण कसा, काय कसं, सगळं." दिवाणजी "बरं" म्हणाले. चार महिन्यांनी वहीची अकरा पाने भरली होती. त्यांत गिऱ्हाइकांची नावे होती, गावे होती, दूरध्वनी क्रमांक होते. म्हणजे संगणकात आधीच जे होते तेच.

पुढे फाल्गुनात दिवाणजींच्या छातीत दुखू लागले. कोल्हापुरास हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि वैद्यांनी दोन महिने विश्रांती सांगितली. तो नेमका हापूसचा हंगाम. चैत्रात संगणकाने एकशे ऐंशी दिवसांहून जुन्या येण्याची यादी काढली आणि धाकट्या शेठांनी यादीतील प्रत्येकास एकाच मजकुराचा संदेश धाडला. त्यात पावसकडील एक बागायतदार होते. त्यांच्या आजोबांपासूनचे खाते. वर्षभर उधारी चाले आणि शेवटची पट्टी हाती आली की आठ दिवसांत पूर्ण रक्कम जमा होई. ते दुसऱ्या दिवशी आले, उभ्यानेच रक्कम मोजून दिली, चहा नाकारला आणि निघून गेले. ते खाते पुन्हा उघडले नाही. उलट, एका गृहस्थांचे येणे संगणकावर चोख दिसत होते, म्हणून त्यांना खोक्यांची मोठी उधारी दिली गेली. त्यांनी मोहोरावरच बाग खंडाने देऊन टाकली होती; पट्टी त्यांच्या नावे येणारच नव्हती. रक्कम अडकली.

धाकटे शेठ दिवाणजींच्या घरी समाचारास गेले. बोलता बोलता त्यांच्या तोंडून गेले, "काका, हे सगळं तुम्हाला ठाऊक होतं. वहीत का लिहिलं नाहीत?"

दिवाणजी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "शेठ, तुम्ही वही दिलीत आणि माडीवर गेलात. वहीला काय सांगायचं? तुमच्या आजोबांनी मला वही दिली नव्हती. जुन्या दिवाणजींच्या शेजारी बसवलं होतं. पाच वर्षं."

थोडे थांबून ते पुढे म्हणाले, "आणि खरं सांगू? पेठेत कंप्युटर आले तसे दोघं-तिघं घरी बसलेले मी पाहिलेत. सगळं लिहून दिलं असतं, तर माझ्यापाशी उरलं काय असतं?"

या उत्तरात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक नात्याची, दुसरी भयाची. त्या दोन्ही एकट्या दिवाणजींच्या स्वभावातील नाहीत. आपल्या समाजाची जी घडण आहे तिच्यातून त्या आलेल्या आहेत. म्हणून त्यांचा विचार दोषारोपाने न करता शांतपणे करावयास हवा.

संस्थेतील माणसांपाशी असलेले ज्ञान जतन करणे, ते इतरांपर्यंत पोहोचविणे आणि कामी लावणे, यास व्यवस्थापनशास्त्रात ज्ञान-व्यवस्थापन म्हणतात. या शास्त्राचा एक पाया असा की ज्ञान दोन प्रकारचे असते. एक शब्दांत मांडता येते. दुसरे हातात, डोळ्यांत आणि अंदाजात असते. रत्नागिरीकरांस हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. हापूस उतरवावयाचा तो चौदा आणे तयार झाल्यावर. चौदा आणे म्हणजे काय, हे पुस्तकात लिहिता येते: देठाजवळ खळगा पडलेला, खांदे भरलेले, सालीचा हिरवा रंग फिकटलेला. तरी ते वाचून कोणी पहिल्याच दिवशी झेला घेऊन बागेत शिरला तर अर्धे फळ कोवळे उतरेल. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानांकनाने नावाचे रक्षण होते. चौदा आणे ओळखणाऱ्या डोळ्याचे रक्षण त्याने होत नाही. तो डोळा बागेतील जुन्या गड्याच्या सोबत राहूनच तयार होतो.

जपानमध्ये हा विचार इकुजिरो नोनाका यांनी पुढे नेला. त्यांनी १९९१ साली सांगितलेले एक उदाहरण जगभर प्रसिद्ध आहे. मात्सुशिता या कंपनीस घरी पाव भाजण्याचे यंत्र बनवावयाचे होते. पाव बाहेरून करपे आणि आतून कच्चा राही. तेव्हा इकुको तनाका नावाच्या संगणक-तज्ज्ञ बाई ओसाका येथील एका हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे उमेदवारीस राहिल्या. पाववाला पीठ नुसते ओढीत नाही, ओढताना त्यास पीळ देतो, हे त्यांच्या ध्यानात आले. पाववाल्यास स्वतःलाही हे शब्दांत सांगता आले नसते. त्या पिळाप्रमाणे यंत्रात बदल केला आणि पाव जमला. पाववाल्यापुढे कोणी कोरी वही ठेवली नव्हती. शिकणारी व्यक्ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली होती. दिवाणजी जे म्हणाले ते याहून वेगळे नाही.

मग प्रश्न उरतो भयाचा. त्या काळी जपानच्या मोठ्या कंपन्यांत नोकरी बहुधा जन्मभराची असे. आपण जाणतो ते दुसऱ्यास शिकविले म्हणून आपली जागा जाईल, ही धास्ती तेथील कामगारास नव्हती. अमेरिकेत माणसे नोकऱ्या बदलतात, म्हणून तेथील संस्था सारे लिहून ठेवण्यावर भर देतात. एकाच शास्त्राचे नियम देशागणिक निराळे चालतात ते यामुळे.

देशोदेशींच्या कार्यसंस्कृतीतील हा फरक मोजण्याचा प्रसिद्ध प्रयत्न डच अभ्यासक गीर्ट हॉफस्टेड यांनी केला. १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम कंपनीच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्यांचा आधार घेऊन त्यांनी १९८० साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या मापांपैकी एक म्हणजे सत्ता-अंतर. वरचा आणि खालचा यांतील अंतर लोक कितपत स्वाभाविक मानतात, याचे ते माप. त्यात भारताचा अंक ७७, जपानचा ५४ आणि अमेरिकेचा ४०. हे आकडे सरासरीचे आहेत; त्यांवरून कोणा एका माणसाचा किंवा घराण्याचा स्वभाव ठरत नाही. तरीही पेढीवरील अनुभवाशी ते जुळतात, हे नाकारता येत नाही.

सत्ता-अंतर मोठे असले की हुकूम वरून खाली सहज उतरतो, पण माहिती खालून वर चढत नाही. मालकाने नोकरास विचारले तर मालकाचे अज्ञान उघडे पडते, म्हणून मालक विचारीत नाही. न विचारता सांगितले तर आगाऊपणा ठरतो, म्हणून नोकर सांगत नाही. रत्नागिरीच्या आंबाबागांत आज नेपाळहून आलेले अनेक राखणदार आणि मजूर आहेत. त्यांतील काही एकाच बागेत वर्षानुवर्षे हंगाम काढतात. कोणत्या झाडास मोहोर उशिरा येतो, कोणत्या बाजूस वारा लागून फळ गळते, हे मुंबईस राहणाऱ्या मालकापेक्षा त्यांस अधिक ठाऊक असते. मालक वर्षातून दोनदा येतात आणि हिशेब विचारतात. झाडाविषयी फारसे कोणी विचारीत नाही. पुढे राखणदार गावी जातो, परत येत नाही आणि बाग पुन्हा अनोळखी होते.

आपल्या घडणीचा दुसरा विशेष म्हणजे आपला आणि परका यांतील रेषा. रेषेच्या आत आपण हातचे काही राखीत नाही. वडील मुलास, सासू सुनेस, गुरू शिष्यास सर्वस्व देतो. रेषेच्या बाहेर मात्र लोणच्याच्या मसाल्याचे प्रमाणही सांगितले जात नाही. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी १९८० मध्ये दाखवून दिले की भारतीय संस्थांत तोच वरिष्ठ परिणामकारक ठरतो, जो हाताखालच्या माणसाचा प्रेमाने सांभाळ करतो आणि त्याच वेळी कामाची अपेक्षा ठामपणे ठेवतो. नुसती शिस्त येथे पुरत नाही, नुसती माया भागत नाही. धाकट्या शेठांच्या कोऱ्या वहीत अपेक्षा होती, सांभाळ नव्हता. दिवाणजींनी तिला रेषेबाहेरची वस्तू मानले.

बँकिंग क्षेत्रात या प्रश्नाला शिस्तीच्या अंगाने हात घातला गेला. बँकेतील अधिकाऱ्याची दर काही वर्षांनी बदली होते. जाताना तो किल्ल्या, नोंदवह्या आणि याद्या सुपूर्द करतो, सही होते. पण कोणता कर्जदार शब्दाचा पक्का आणि कोणता कागदाचा पक्का, हे त्या यादीत नसते. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ सालच्या सूचनेप्रमाणे संवेदनशील जागेवरील कर्मचाऱ्यास दरवर्षी किमान दहा कामकाजाचे दिवस सलग, पूर्वसूचना न देता, रजेवर पाठविले पाहिजे. हेतू गैरव्यवहार उघडकीस येण्याचा आहे. पण त्याचा एक आनुषंगिक लाभ असा की त्या दहा दिवसांत त्या मेजावर दुसरा माणूस बसतो आणि काय काय एकाच्याच डोक्यात होते ते कळून येते. व्यापारी घराण्यांनी यातील तत्त्व घ्यावे, संशय घेऊ नये. श्रावणातल्या निवांत दिवसांत जुन्या माणसास पगारी रजा देऊन यात्रेस पाठवावे आणि तेवढ्या काळात जे अडेल ते एका कागदावर टिपून ठेवावे. हृदयाची शस्त्रक्रिया होईपर्यंत थांबू नये.

आपल्या शास्त्रानेही या प्रश्नाकडे फार बारकाईने पाहिले आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात ज्ञानावरणीय कर्माच्या आस्रवाची जी कारणे सांगितली आहेत, त्यांत निह्नव आहे, म्हणजे ठाऊक असून नाकारणे किंवा ज्याच्याकडून शिकलो त्याचे नाव लपविणे. मात्सर्य आहे, म्हणजे योग्य माणसासही हेव्यापोटी न शिकविणे. अंतराय आहे, म्हणजे दुसऱ्याच्या शिकण्यात अडथळा आणणे. त्याच यादीत आसादनही आहे, म्हणजे दुसरा सांगत असता त्याचा अव्हेर करणे. पहिल्या कारणांचा ठपका आपण सहज नोकरावर ठेवतो. शेवटचे कारण मात्र बहुधा मालकाकडे येते.

श्रुतपंचमीची कथा याच चिंतेची आहे. परंपरा सांगते की गिरनारच्या चंद्रगुफेत राहणारे वृद्ध आचार्य धरसेन यांस आपल्यासोबत आगमाचे ज्ञान लोपेल अशी काळजी वाटली. त्यांनी निरोप धाडून दोन योग्य शिष्य मागविले आणि पुष्पदंत व भूतबली यांस आपल्यापाशी ठेवून शिकविले. त्यातून षट्खंडागम लिहिला गेला. आधी सहवास, मग लेखन असा तो क्रम होता. पुढे याच ग्रंथाच्या धवला टीकेची ताडपत्रे मूडबिद्रीच्या भांडारात शतकानुशतके जपली गेली. त्यांचे दर्शन घडे. वाचन मात्र जवळजवळ होत नसे. अखेर १९३९ साली अमरावतीस डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवलेचा पहिला खंड छापून निघाला आणि पुढे सोळा खंड पूर्ण झाले. जपणे आणि पोहोचविणे या दोन निराळ्या सेवा आहेत. एकीने दुसरीची जागा भरत नाही.

रत्नागिरीच्या त्या पेढीवर पुढे जे घडले ते साधेच आहे. धाकट्या शेठांनी आधी भय दूर केले. दिवाणजींचा पगार त्यांच्या हयातीपर्यंत चालू राहील, असे वडिलांच्या सहीने कागदावर लिहून दिले. नुसता शब्द दिला नाही. मग माणूस दिला. घरच्या सूनबाई वाणिज्य शाखेच्या पदवीधर; त्या रोज दुपारी तीन तास दिवाणजींच्या शेजारी बसू लागल्या. तिसरी गोष्ट धाकट्या शेठांना सर्वांत जड गेली. दिवसातून एकदा ते माडीवरून खाली येऊन दिवाणजींना सर्वांदेखत विचारू लागले, "काका, यांना उधारी द्यावी का? आणि का द्यावी?" पहिले काही दिवस दिवाणजी संकोचले. नंतर बोलू लागले. संगणकाजवळचा मुलगा ऐकू लागला. सूनबाई टिपून घेऊ लागल्या. हिशेबप्रणालीत प्रत्येक खात्यापुढे शेऱ्याची एक जागा असते, ती आजवर रिकामी होती. ती भरू लागली. "पट्टीनंतर देतात, आठवण देऊ नये", "बाग खंडाने, हंगामात विचारून घ्यावे", असे छोटे छोटे शेरे.

सारेच परत मिळाले नाही. पावसच्या बागायतदारांकडे धाकटे शेठ दिवाणजींना घेऊन स्वतः गेले. चहा मिळाला, खाते मिळाले नाही. अडकलेल्या रकमेपैकी निम्मी आली. चूक फुकट सुधारत नाही, हे व्यापाऱ्याच्या मुलास निराळे सांगावे लागत नाही.

दिवाळी आली. कार्तिक शुद्ध पंचमीस नव्या वह्यांसोबत सूनबाईंची ती टिपणवहीही पाटावर ठेवावी असे धाकट्या शेठांच्या मनात आले. दिवाणजींनी वही हाती घेतली, पाने चाळली आणि पहिले पान कोरे आहे असे दाखविले. सूनबाई म्हणाल्या, "तिथं तुमचं नाव लिहायचं आहे, काका."

"माझं खाली लिहा," दिवाणजी म्हणाले, "आधी जुन्या दिवाणजींचं. त्यांनी शिकवलं तेव्हा मला आलं."

पेढीवर आज कोणासच आठवत नव्हते असे एक नाव त्यांनी उच्चारले. सूनबाईंनी ते पहिल्या ओळीत लिहिले, त्याखाली दिवाणजींचे लिहिले आणि तिसरी ओळ कोरी ठेवली. मग वहीला कुंकू लागले आणि दुकान उघडले.